तांबडी बाजू डोंगराकडे

१४ जुलै, रविवार

पहिल्या पानावर नाव लिहायचं असतं म्हणे. वॉल्टर गराए. बेट माएवो, देश वानुआतू. सध्या मुक्काम ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडला, डॅरेल वेंकचं शेत. तोच आमचा बॉस.

वही नोरीन बुबूने दिली. पिवळ्या पुठ्ठ्याची, पावसात भिजली तरी फाटत नाही, मोजणीवाले वापरतात तसली. म्हणाली, "रोज जे दिसेल ते लिही." मी म्हटलं, मी सहावीपर्यंत शिकलोय, त्यातले निम्मे दिवस समुद्रावर. ती म्हणाली, "मग निम्मी पानं लिही."

बुबू म्हणजे आमच्याकडे आजी. ही माझी नात्याने कुणी नाही. गोरी बाई, सत्याहत्तर वर्षांची, एकटी राहते, पायात पुरुषी बूट. बॉसच्या उताराखाली तिची जमीन, मध्ये फक्त तारेचं कुंपण. पहिल्या दिवशी सवयीने तोंडातून बुबू गेलं, तर म्हणाली, "म्हण तेच. मिसेस शुल्झपेक्षा लहान आहे."

जूनमध्ये आम्ही सहा जण भोपळे तोडायला आलो. पाच जण अजून वाकून भोपळेच तोडतायत. मला बॉसने ट्रॅक्टरवर बसवलं. सायलास आमचा मुकादम, पेंटेकॉस्ट बेटाचा, देवभोळा. तो म्हणतो, "चढलास ना? उतरताना खाली बघून उतर." जळतो मेला.

२ ऑगस्ट, शुक्रवार

आज दिवसभर बुबूबरोबर. बॉसच्या वरच्या रानात नवा बांध घालायचाय. इथली माती काळीभोर, लोण्यासारखी. पण मोठा पाऊस आला की उतारावरून निघालीच. म्हणून उतार आडवा कापत लांबच लांब बांध घालतात. पाणी बांधाला अडतं, त्याच्या कडेकडेने हळूहळू चालत टोकाच्या गवताच्या पट्ट्यात जातं, तिथून सावकाश खाली. बांध कुठून न्यायचा ते बुबू ठरवते. इथल्या शेतकऱ्यांचं आपापसातलं माती-पाणी मंडळ आहे, त्यात अडतीस वर्षं खुंट्या तिनेच ठोकल्यात. तिने ठोकली की बोलायचं काम नाही.

तिपाईवर दुर्बीण. मी लांब पट्टी धरून उभा. ती एक डोळा मिटून बघते. "एक पाऊल वर. अजून. हां, आता श्वास पण घेऊ नकोस." मग खुंटी. खुंटीची एक बाजू तांबड्या रंगाची. ठोकण्याआधी ती खुंटी हातात फिरवते आणि तांबडी बाजू डोंगराकडे करते. दर वेळी. मी विचारलं, का? म्हणाली, "बाबा तसं करायचे. पाणी जिकडून येणार तिकडे तोंड दाखवायचं." म्हातारी माणसं सगळीकडे सारखीच. आमचा मामा पाटाशी गप्पा मारतो.

एकूण तेरा खुंट्या. मध्ये जमीन खोलगट आहे, तिथे रेघ वर वळते, डुकराच्या सुळ्यासारखी. पाच ते नऊ नंबर त्या वळणात.

जेवताना मी तिला आमची खाचरं सांगितली. माएवोत अळू पाण्यात लावतात, डोंगरावर पायऱ्यांनी, पाणी वरच्या खाचरातून खालच्यात. आमच्या घराण्यात ज्याने पाट काढला त्याने पहिलं पाणी सोडताना सगळ्यात खालच्या खाचरात उभं राहायचं. पाणी पायाला लागेस्तोवर हलायचं नाही.

"आणि नाही लागलं तर?"

"तर उभाच."

बुबू इतकी हसली की डोळे पुसले. "हे आमच्या मंडळात आणायला पाहिजे. डॅरेलला माझ्या ज्वारीत उभा करते."

१२ ऑगस्ट, सोमवार

बुबू डोळ्याच्या ऑपरेशनला शहरात गेली. मोतीबिंदू. तीन आठवडे नाही.

सकाळी बॉस रानात आला. नवीन पेरणी यंत्र घेतलंय, आमच्या गावच्या चर्चएवढं रुंद. ते त्या वळणात वळत नाही. म्हणाला, "वॉल्टर, तुला काय वाटतं? ही रेघ सरळ झाली तर?"

मला विचारलं. मला!

मी म्हटलं, "बॉस, मग बांध खोलगटातून जाईल. पाणी तिथे गोळा होईल."

"तिथे बांध उंच करू की. मातीला काय तोटा आहे?" मग म्हणाला, "पुढच्या हंगामाला कुणाला परत बोलवायचं ती नावं मीच देतो, माहितीये ना? ट्रॅक्टरवाला मला एकच लागतो."

बॉसने दोरी धरली. मी पाच ते नऊ उपटल्या, दोरीवर सरळ ठोकल्या. सात नंबर चांगली वीस पावलं खाली आली. जुनी भोकं टाचेने बुजवली. पंधरा मिनिटांत काम खलास.

"नोरीनला कळवून डोक्याला ताप द्यायला नको," बॉस म्हणाला. "बिचारी आजारी आहे." खरंच तिची काळजी आहे त्याला.

१३ ऑगस्ट, मंगळवार

मामाला फोन लावला. ट्रॅक्टरचं सांगितलं. त्याने विचारलं, "तिकडे पाट कोण बघतं?" मी म्हटलं, इथे पाट नसतात, बांध असतात. म्हणाला, "बांध तर बांध. कोण बघतं?" रेंज गेली.

७ सप्टेंबर, शनिवार

माती लोटणाऱ्या ग्रेडर यंत्राने बांध झाला. माझ्या हाताखाली झाला, लिहून ठेवतो. आगगाडीच्या रुळासारखा सरळ. खुंट्या मात्र बांधाच्या वरच्या अंगाला तशाच ठेवल्यात. पहिला मोठा पाऊस होईपर्यंत काढायच्या नाहीत हा बुबूचा नियम.

बुबू आली, एका डोळ्यावर पांढरी पट्टी. कुंपणाशी उभी राहून वर बघत होती. "सरळ दिसतोय रे."

मी म्हटलं, "ऑपरेशन झालंय, बुबू."

"असेल," म्हणाली. हसली पण.

२२ सप्टेंबर, रविवार

चैन पडेना. पारदर्शक नळीत पाणी भरलं, एक टोक सायलासच्या हातात दिलं, एक मी धरलं आणि बांधाच्या माथ्याची पातळी तपासली. सातव्या खुंटीशी बांध एक वीत खाली आहे. बॉस उंच करू म्हणाला होता, केलाच नाही.

बॉसला गाठलं. "अर्धा दिवस ग्रेडर द्या, मी भरून काढतो." तो म्हणाला, "पेरणी झाल्यावर बघू. आणि वॉल्टर, रविवारी माझ्या रानात नळ्या घेऊन फिरायचं नाही."

सायलास म्हणाला, "बाईला सांग."

"तिला सांगितलं तर खुंट्यांचंही सांगावं लागेल."

"मग तेही सांग."

"तुझं नाव यादीत पक्कं आहे. तुला बोलायला काय जातंय?"

"माझं नाव मी पहाटे उठून पक्कं केलंय, बाळा. कुणाच्या खुंट्या उपटून नाही."

परत त्याला नळी धरायला बोलावणार नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

परवा एक सर आली, तासभर. सातव्या खुंटीशी तळं झालं होतं, दोन बदकं पोहत होती. दुसऱ्या दिवशी जिरलं. म्हणजे टिकतोय बांध. उगाच घाबरत होतो.

बुबूने भोपळ्याचे स्कोन खायला बोलावलं, छोटे गोडसर पावच ते. तिची ज्वारी उगवलीये, बोटभर. तिने मला कुंपणाच्या कोपऱ्यात नेलं आणि फावड्याने एका खांबाशी उकरलं. जमिनीखाली आणखी एक खांब, आणखी तारा. कुंपणावर कुंपण. ती नऊ वर्षांची असताना वरून इतकी माती वाहून आली की जुनं कुंपण गाडलं गेलं. तेव्हा बांध नव्हते. "बाबा त्या मातीवर बसून रडले होते," म्हणाली. "दुसऱ्याची माती आपल्याकडे आली तर फायदा व्हायला हवा ना? नाही होत. आली ती वाळू आणि गोटे. आपली चांगली माती तिच्याबरोबर पुढे गेली."

मग स्कोन वाढता वाढता विचारलं, "वर सगळं ठीक आहे ना रे?"

मी ठीक म्हटलं. तोंड भरलेलं होतं.

८ डिसेंबर, रविवार

काल दुपारी तीन वाजता आलं. आधी गारा, मग पाऊस म्हणजे नुसती भिंत. आम्ही शेडमध्ये. पत्र्याचा आवाज इतका की सायलास ओरडत होता ते फक्त त्याच्या तोंडावरून कळत होतं. पाऊण तासाने थांबलं. मी पळत वर गेलो.

बांध सातव्या खुंटीशी फुटला. एक ट्रक आरामात जाईल एवढं भगदाड. तिथून खाली बुबूच्या शेतात सरळ पट्टा, फुटबॉलच्या मैदानाएवढा रुंद. ज्वारी नाही. काळी माती नाही. खालची पिवळी उघडी पडलीये, सोललेल्या गुडघ्यासारखी. काळी सगळी डांबरी रस्त्यावर जाऊन बसली. आज सकाळी यंत्र लावून तीच माती खरवडून कडेला टाकत होते. गाडीवाले हॉर्न वाजवत होते, चिखल म्हणून शिव्या देत होते.

काल मी बांधावर उभा होतो तेव्हा बुबू खाली त्या पिवळ्या पट्ट्याच्या मधोमध उभी होती. तिने हात वर केला. मीही केला. खाली गेलो नाही. बूट नवे होते.

१० डिसेंबर, मंगळवार

बुबू वर आली. दुर्बीण नव्हती आणली. एका खुंटीपासून दुसरीकडे चालत गेली, मी मागे. एक ते चार नुसती बघत गेली. पाचव्याशी थांबली. वाकली. मग सहावी. सातवी भगदाडाच्या काठावर तिरकी लोंबत होती. ती उपटायला निघाली, मी म्हटलं, "बुबू, घसराल," तर हात झटकला. खुंटी काढून हातात धरली. फिरवली. पुन्हा फिरवली. मग वर डोंगराकडे बघितलं.

"ही कुणी ठोकली, वॉल्टर?"

"तुम्हीच, बुबू. मी पट्टी धरली होती."

"पट्टी तू धरली होतीस." मग म्हणाली, "आणखी काही?"

"आणखी काय?"

"काही नाही."

खुंटी काखेत मारून घेऊन गेली. एवढी माती गेली आणि बाई खुंटीचा रंग बघत बसली. वय झालंच आहे तिचं, बॉस म्हणतो ते खोटं नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

मंडळाची सभा. पत्र्याचा हॉल, पंखे, लांब टेबलावर चहा आणि खोबऱ्याचा केक. वीस-बावीस शेतकरी. बॉस मला आणि सायलासला घेऊन गेला, म्हणाला, नुसते मागे बसा.

बॉस उभा राहिला. "मी कुणाला दोष देत नाही. नोरीनच्या खुंट्या होत्या, त्यांवरच बांध घातला. आता ट्रॅक्टर फिरवताना माझ्या पोराच्या हातून एखाददुसरी पडली असेल, त्याने अंदाजाने कुठेतरी ठोकली असेल, तर मी काय सांगणार? ही मुलं घाबरतात. बोलत नाहीत."

सगळ्या माना माझ्याकडे. पुढून कुणी तरी म्हणालं, "मग बसवा पहिल्या विमानात. आणि पुन्हा या देशात पाय ठेवता कामा नये." मी बॉसकडे बघितलं. तो चहात साखर ढवळत होता.

मग बुबू उठली. टेबलाला धरून.

"खुंट्या मी ठोकल्या तिथेच होत्या. ऑगस्टमध्ये माझ्या डोळ्यात मोतीबिंदू होता, तुम्हा सगळ्यांना माहितीये. मी चुकीचं वाचलं. या पोराने मी सांगितलं तिथे पट्टी धरली. नुकसान माझ्या रानाचं झालंय, तेव्हा कुणी माझ्यासाठी भांडू नका. अडतीस वर्षं पुष्कळ झाली. दुसरा माणूस बघा."

एकाने म्हटलं, "नोरीन, अगं तुझी चूक कधी..."

"झाली म्हणते ना! बस खाली."

मग टाळ्या. बॉसच्या सगळ्यात मोठ्या.

मला हायसं वाटलं, खोटं कशाला लिहू. बरं झालं, तिचं तिलाच नीट आठवत नाही. पण मग वाईट वाटलं, की इतकी हुशार बाई आणि शेवटी डोक्याने अशी साथ सोडली. येताना सायलास मागच्या सीटवर तोंड फिरवून बसला. बॉसने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "गप्प बसायलाही अक्कल लागते. तुझ्यात आहे."

"नाव पक्कं समजू का, बॉस?"

"बघू की."

बघू की म्हणजे हो. इथली बोलण्याची पद्धत तशी आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

उद्या विमान. बुबूचा निरोप घ्यायला गेलो. स्वयंपाकघरात टेबलावर दुर्बिणीची लाकडी पेटी, वर दोरी बांधलेली.

"घेऊन जा. तुमच्या खाचरांना उपयोगी पडेल."

"बुबू, डोळा तर बरा झालाय ना? तुम्हालाच लागेल."

"डोळा एकदम छान. आता लांबचं पण दिसतं." भांडी विसळत होती, पाठ माझ्याकडे. "जायच्या आधी काही सांगायचं राहिलंय का रे पोरा?"

मी म्हटलं, "स्कोन फार छान होते."

ती बराच वेळ एकच कप विसळत राहिली. "पेटी घरी जाऊन उघड. मी सगळं नीट बसवलंय, इथे उघडलीस तर परत बसायचं नाही."

फाटकापर्यंत सोडायला आली नाही. गुडघे दुखत असतील.

४ मे, रविवार

माएवो. वही तीनेक महिन्यांनी उघडली.

यादी आली. माझं नाव नाही. मी तीनदा वाचायला लावली.

टेकडीवर चढून, रेंज धरून सायलासला फोन केला. तो परत गेलाय तिकडे.

"ट्रॅक्टरवर कोण आहे?"

"मी."

"बॉस माझ्याबद्दल काही म्हणाला?"

"कोण वॉल्टर, असं म्हणाला."

मग त्याने बाकीचं सांगितलं. बुबूने जमीन बॉसला खंडाने दिली. वरपासून रस्त्यापर्यंत आता एकच रान, तिचे चारही जुने बांध पाडले, यंत्र एकदा निघालं की न वळता खालपर्यंत.

"बुबू?"

"गावात बहिणीकडे राहते. बांध पाडायच्या दिवशी आली होती. गाडीतून उतरली नाही."

"आणि पाडले कुणी?"

फोनवर वारा येत होता. "मीच. तू खुंट्या हलवल्यास, मी बांध पाडले. आता पहाटे उठलो तरी प्रार्थनेत काय म्हणायचं ते सुचत नाही. फोन ठेव."

२२ जून, रविवार

गेल्या आठवड्यात दरड आली, वरचा पाट मोडला. मामा म्हणाला, "ती पेटी उशाशी घेऊन काय उबवतोयस? अंडं नाही घालायची ती. आण इकडे." चार महिने मी ती उघडली नव्हती. का ते विचारलं तर सांगता येणार नाही.

दोरी सोडली. दुर्बीण कापडात गुंडाळलेली. तिच्याशेजारी, कप्प्यात घट्ट बसवलेली, एक खुंटी. सात नंबर. घासून धुतलेली, मातीचा कण नाही. विमानतळावर अडवू नये म्हणून धुतली असणार. चिठ्ठी नव्हती. कापडात, तळाशी, सगळीकडे शोधलं. नुसती खुंटी.

मामाने उचलली. "ही एकाच अंगाने तांबडी का रे?"

"ती बाजू डोंगराकडे करायची असते," मी म्हटलं.

तोंडातून निघालं, आणि मग मी तिथेच खाली बसलो.

वही आणली, मागे गेलो. २ ऑगस्ट. माझंच अक्षर. 'दर वेळी.' १२ ऑगस्ट, पंधरा मिनिटांत काम खलास. तांबडं कुठे होतं ते त्या पानावर नाही, कारण मी बघितलंच नव्हतं. १० डिसेंबर, खुंटी फिरवली, पुन्हा फिरवली, डोंगराकडे बघितलं. मग सभा. सभेचं पान मी पूर्ण वाचू शकलो नाही. स्कोन वाढताना एकदा, भगदाडापाशी एकदा, कप विसळताना एकदा. तीनदा विचारलं होतं तिने.

मामाने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "उन्हाने."

दुर्बीण लावली, तीन दिवसांत नवी रेघ काढली. जिथे डोंगर आत वळतो तिथे पाटही आत वळवला, सुळ्यासारखा. मामा म्हणाला, "सरळ नेला असतास तर खोदाई वाचली असती." मी वळणावर ती खुंटी ठोकली, तांबडी बाजू डोंगराकडे.

आज चर्चनंतर पाणी सोडलं. पाट मी काढला म्हणून सगळ्यात खालच्या खाचरात मी उभा. वरून एकेका खाचरातून पाणी उतरल्याचा आवाज येत होता. आलं. आधी बोटांना लागलं, मग घोटे बुडाले. गार होतं. रेघ बरोबर होती.

मामा वरून ओरडला, "लागलं का रे?"

लागलं म्हणायचं आणि बाहेर यायचं, एवढंच असतं.

तो पुन्हा ओरडला. मी खाली बघत राहिलो.

मग तिसऱ्यांदा, हाताचा कर्णा करून. "वॉल्टर, अरे लागलं का?"

मी उभाच.